एकाच गायिकेची वाटणी

मार्च महिन्यात माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांची ओसाकाला बदली झाली. इथे बदल्या अशाच होतात. आज कळतं आणि महिनाअखेरीला घर रिकामं. दोघी मुली आठवीत, एकाच वर्गात. आम्ही त्सुकुबाहून टोकियोतल्या निशी-कसाईला आलो तेव्हा माझी मुलगी पहिलं सबंध वर्ष मधल्या सुट्टीत शाळेच्या लायब्ररीत बसायची, कारण बोलायला कोणी नव्हतं. मग ही मुलगी भेटली आणि लायब्ररी सुटली. आता पुन्हा लायब्ररी, हे मला दिसत होतं आणि तिलाही. पण त्यावर बोलायला ती तयार नव्हती. ती बोलली ते सीडींबद्दल.

सीडी एका अमेरिकन गायिकेच्या. दोघींनी नवीन वर्षाला मोठ्यांकडून मिळणारे पैसे एकत्र करून, जुन्या सीडींच्या दुकानातून एकेक करून जमवलेल्या. प्लेअर आमच्याकडे होता, म्हणून सगळ्या आमच्याच घरी, मुलीच्या कपाटाच्या दोन खणांत. गाणी फोनवर आहेत की, असं मी एकदा म्हटलं होतं. त्यावर दोघींनी माझ्याकडे इतक्या नम्रपणे पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

मी एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांचं काम करते. कुठला माल कुठे जायचा हे ठरवणं मला जमतं. म्हटलं, रविवारी तुमची वाटणी मी करून देते, अर्ध्या तासाचं काम आहे.

सगळ्या सीडी जेवणाच्या टेबलावर मांडल्या तेव्हा मला काम आणखीच सोपं वाटलं, कारण बहुतेक अल्बमच्या दोन-दोन प्रती होत्या. तीच बाई, तोच झगा, फक्त मागचा रंग वेगळा. मी एकेक प्रत डावीकडे आणि एकेक उजवीकडे लावायला लागले.

"आई, थांब. त्या सारख्या नाहीत," मुलगी म्हणाली. "ही कंट्री आहे. ती पॉप आहे."

"गाणी तीच दिसतात."

"गाणी तीच. हिच्यात व्हायोलिन आहे, आणि ते रडल्यासारखं वाजणारं गिटार. तिच्यात ते काढून ड्रम्स घातलेत. तिकडे दोन वेगळे रेडिओ ऐकणारे लोक आहेत ना."

"म्हणजे ती एकच गाणं दोनदा गाते?"

"गाते एकदाच. बाकीचं मागाहून बदलतात."

एकदाच गाऊन दोनदा विकते, एवढं मला समजलं. बाई हुशार असावी. पण पुढे आणखी गोंधळ होता. जपानमध्ये निघालेल्या प्रतीत शेवटी एक जादा गाणं, जे तिच्या स्वतःच्या देशातल्या प्रतीत नाही. एक नाताळाचा अल्बम, त्यात अर्धी गाणी एका तऱ्हेची, अर्धी दुसऱ्या. 'निवडक' नावाच्या तीन सीडी, आणि तिन्हींत वेगळी निवड. मी ऑफिसात जहाजांची वेळापत्रकं सांभाळते, पण हे माझ्या आवाक्याबाहेर होतं.

म्हटलं, तुम्हीच सांगा कोणाला काय हवं.

"तू घे," मुलगी मैत्रिणीला म्हणाली.

"नाही नाही, तू घे. तू जास्त ऐकतेस."

"तुझे पैसे जास्त पडलेत तिच्यात."

"मग ती नको, ही घे."

असं बराच वेळ चाललं. माझ्या माहेरी भांड्यांची वाटणी झाली तेव्हा एका पातेल्यावरून दोन काकू वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण निदान भांडण कशाचं आहे ते कळत होतं. ढकलाढकलीने अडलेली वाटणी मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी मी मैत्रिणीला सरळ विचारलं, "तुला मनापासून कुठल्या आवडतात?"

"ओबासान, मला व्हायोलिनवाल्या," ती हळूच म्हणाली. ओबासान म्हणजे मी, मावशी म्हणावं तसं.

"आणि तुला?"

"पॉप," मुलगी म्हणाली.

झालं की मग. व्हायोलिनवाल्या ओसाकाला, बाकीच्या इथे, उरलेल्यांत निम्म्या-निम्म्या. दोन खोकी भरली, एकावर पत्ता चिकटवला आणि मी पोहे करायला आत गेले. माझ्या मते प्रश्न सुटला होता.

मैत्रीण गेली. खोकं कुरियरने गेलं. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलीच्या खोलीतून व्हायोलिन ऐकू आलं. मला वाटलं पत्ता चुकीच्या खोक्यावर लागला. तो मी चिकटवलेला, म्हणून आत जाऊन म्हटलं, "मी उद्या बदलून पाठवते."

"चूक नाही झाली. आम्ही बदललं."

"कधी?"

"तू पोहे करत होतीस तेव्हा."

"म्हणजे तुला आवडतं ते तिच्याकडे, आणि तिला आवडतं ते तुझ्याकडे?"

"हो."

"आणि दोघींनी न आवडणारं ऐकत बसायचं?"

"हो."

"यात फायदा कोणाचा?"

माझा कंटाळा आला की ती जपानीत उत्तर देते. "फायदा नाहीये," ती जपानीत म्हणाली. मग मराठीत, "आपल्याला आवडतं ते माहितीच असतं. तिचं ऐकलं तर तिला सांगायला काहीतरी राहील."

ते मला पटलं असं म्हणवत नाही. पण खोकं बदलण्याचा विषय मी सोडून दिला.

पहिले काही दिवस संध्याकाळी फोन वाजायचा. मग एक दिवसाआड. मे महिन्याच्या सुरुवातीच्या आठवडाभराच्या सुट्ट्या संपल्यावर मी विचारलं, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतेस, तर म्हणाली, "लायब्ररीत." त्यानंतर एका शनिवारी ती व्हायोलिनची सीडी घेऊन माझ्यासमोर बसली. चेहरा उतरलेला.

"यात काय चांगलं आहे सांग ना. ती विचारते, कसं वाटलं, आणि मला काहीच वाटत नाही. खोटं नाही सांगायचं मला. पण आवडलं नाही, आवडलं नाही, किती वेळा लिहू? ती विचारायचीच बंद होईल."

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि ती सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. आवाज स्वच्छ होता. शब्दांत कोणीतरी सारखं गाव सोडून जात होतं.

"तिसरं बरं आहे," मी म्हटलं.

"का?"

"त्यात व्हायोलिन नाहीये म्हणून."

तिने तिसरं गाणं पुन्हा लावलं. थोडं ऐकून माझ्याकडे बघितलं. "आई, यात सगळ्यात जास्त व्हायोलिन आहे. हे काय मग?"

"ते गिटार ना?"

ती फोनवर टाइप करायला लागली. लगेच उत्तर आलं, मग फोनच वाजला, आणि ती खोलीत गेली. बराच वेळ दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मध्ये मध्ये 'ओबासान' हा शब्द. इस्त्री संपली तरी बोलणं संपलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी माझी परीक्षा असते. एक गाणं लावतात, ओसाकाहून फोन चालू असतो, आणि मी सांगायचं, कंट्री की पॉप. मागच्या महिन्यात मी एकदा पटकन बरोबर सांगितलं. पलीकडून "अरे वा" आलं. पुढे काय बोलावं ते दोघींना सुचेना. फोन दोन मिनिटांत संपला.

त्यानंतर मी ठरवलं, उत्तर येत असलं तरी चुकीचं द्यायचं. मग गेल्या शनिवारी मला ड्रम्स स्पष्ट ऐकू आले, म्हणजे पॉप, म्हणून मी मुद्दाम कंट्री म्हटलं. ते कंट्रीच निघालं. मी घाईघाईने म्हटलं, "छे, हे कसलं कंट्री? ते ढोल कोण बडवतंय मागे?" तेव्हा कुठे दोघी हसल्या आणि मला समजावून सांगायला लागल्या, एक ओसाकाहून, एक समोरून, एकाच वेळी. दोघींचं एकमेकींशी जुळत नव्हतं. मला त्यातलं काहीही समजलं नाही.