वडिलांचा सोमवारचा रुपया

माझे वडील नाशकात यात्रेकरूंचे उपाध्याय होते. दक्षिणेत कोणी खोटं नाणं सरकवू नये म्हणून प्रत्येक रुपया ते घाटाच्या पायरीवर वाजवून घेत. आमच्या काकांचे पैसे एका पेढीत बुडाले होते, त्यामुळे बँकेवरही त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी घरात चोराचं भय, म्हणून खातं उघडलं आणि मग बँकही वाजवून घ्यायला लागले. दर सोमवारी जाऊन एक रुपया काढायचा, तिथल्या फरशीवर खणकन आपटायचा आणि मंगळवारी परत भरायचा. बँकेतले लोक हसत. मला मात्र लाज वाटे.

बचत खात्यातून आठवड्यात एकदाच पैसे काढता येत, तेही शंभरापर्यंत. जास्त हवे तर आधी लेखी अर्ज द्यायचा. एका रुपयासाठी हा नियम आडवा येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले. मास्तरीण व्हायचं माझ्या डोक्यात पक्कं होतं. एका मंगळवारी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं: जागा आहे, साठ रुपये शनिवारपर्यंत पोचले पाहिजेत. मी आनंदाने वेडी झाले. वडिलांनी पागोटं चढवलं आणि मलाही बरोबर घेतलं.

कारकुनाने पासबुक उघडलं, पाहिलं आणि हलकेच मिटलं. "गुरुजी, या आठवड्याचं काढणं काल झालं तुमचं. आता सोमवारी या."

एरवी दक्षिणेवरून यात्रेकरूंशी तासभर घासाघीस करणाऱ्या वडिलांनी कालचा रुपया खात्यात भरला आणि आम्ही बाहेर पडलो. उसने मागायचा प्रश्नच नव्हता. मुलीच्या शिक्षणासाठी हात पसरला म्हणून साऱ्या गल्लीत हसं झालं असतं, आणि बँकेतल्या हसण्याचं काही न वाटणारे वडील गल्लीतल्या हशाला फार भीत. त्या भीतीचा मला अजून राग येतो.

रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे. पुढच्या वर्षी नक्की पाठवीन."

मनीऑर्डर सोमवारी गेली, आठवड्याने परत आली. जागा दुसरीला दिली होती. त्यानंतर वडिलांनी रुपया काढणं बंद केलं. मी घरी जुनी पुस्तकं वाचत, आईला पापड लाटू लागत वर्ष काढायचं ठरवलं.

पण रिकाम्या बसलेल्या मुलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दिवाळीनंतर इगतपुरीचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. मी हो म्हटलं नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही. लग्नाला तीनशे रुपये लागणार होते. या वेळी वडिलांनी पंधरा दिवस आधी अर्ज दिला आणि पैसे अगदी वेळेवर मिळाले.