उसनं यंत्र

माझं काम नेमकं काय, हे मला आजवर एकाही नातेवाइकाला धड सांगता आलेलं नाही. पूर येतो, भूकंप होतो, परदेशातल्या संस्था मदत घेऊन येतात. ती मदत आपल्या सरकारच्या संमतीने आणि आपल्या माणसांच्या हातून जिथे हवी तिथे पोचावी, म्हणून मधे कुणीतरी लागतं. ती मी. "म्हंजी लगीन जुळवणारी," असं माझा मामा म्हणतो. याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळालेली नाही.

त्या वर्षी कृष्णाकाठ पाण्याखाली गेला आणि मामा तिथल्याच एका तालुक्याच्या गावी अडकला. त्याच्या किडन्या निकामी आहेत, सरकारी दवाखान्यात डायलिसिस चालतं. पूर ओसरायला लागला, पण गावची पाणी योजना गाळाने भरून गेली. टँकर यायचे ते प्यायलाच पुरेनात, आणि डायलिसिसला एकेका माणसामागे पिंपंच्या पिंपं स्वच्छ पाणी लागतं. आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत आधीच गर्दी, तिथे कुणी घेईना.

"पोरी, मशीन हाय, डॉक्टर हाय, पर पानी न्हाई," मामा फोनवर म्हणाला. "समदं गाव पान्यात आन् आमास्नी पानी न्हाई. हाय का न्हाई गंमत?" गंमत म्हणताना त्याला धाप लागत होती. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना तो मास्तरीणबाई म्हणायचा. "त्या माझ्याहून वाईट हायत. काय तरी कर, आन् लवकर कर."

आणि इकडे वाघोलीच्या एका गोदामात नेमकं हवं तेच उभं होतं. गढूळ पाणी आत घ्यायचं आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडायचं, असं ट्रकवर मावणारं यंत्र. एका परदेशी संस्थेने ते उन्हाळ्यात आमच्या पुण्यातल्या छोट्या संस्थेबरोबर प्रशिक्षणासाठी आणलं होतं. त्यांच्या पथकाची प्रमुख माझ्याहून बरीच लहान, कुठल्यातरी थंड देशातली, वेळेला पक्की आणि बोलायला सरळ. यंत्र द्यायला ती एका पायावर तयार होती. फक्त त्यांचा नियम असा, की ज्या देशात आपत्ती आली त्या देशाच्या सरकारने मदत मागितल्याशिवाय हलायचं नाही. दुसऱ्याच्या घरात न बोलावता घुसायचं नाही, हे तिचं म्हणणं मला मनापासून पटतं.

पूरमदतीचं काम ज्या सरकारी कार्यालयातून चालत होतं, तिथले साहेब पक्के पुणेरी. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, आपण परदेशी सरकारांकडे आणि संस्थांकडे मागत नाही. आपलं आपण बघतो. त्यांना द्यायचंच असेल तर त्यांनी द्यावं, आम्ही विचार करू."

"अहो साहेब, पण त्या म्हणतात, मागितल्याशिवाय देता येत नाही."

"मग त्यांनीही विचार करावा."

झालं! 'आमची काही मागणी नाही हो, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या' म्हणणारे वरपक्षाचे लोक मी उभ्या जन्मात खूप पाहिले, पण इथे वधूपक्षही तितकाच मानी निघाला होता. मी दोन दिवस या दारातून त्या दारात हेलपाटे घातले. तिला समजावलं की मागत नाही म्हणजे नको असं नव्हे. साहेबांना समजावलं की विनंती केली म्हणजे कुणी लहान होत नाही. दोघांनीही मला चहा पाजला.

तरी साहेब जरा हलले होते. आरोग्य खात्याशी बोलतो म्हणाले. मी आशेवर होते, आणि तेवढ्यात गोदामाच्या मालकांनी फ्लेक्स लावला.

माणूस अगदी सज्जन. भाडं घेत नव्हता, वर सगळ्यांना जेवू घालत होता. आपल्या दारी परदेशाहून मदत आली आहे आणि दारावर साधा बोर्डही नाही, हे त्याला बघवेना. त्याने फाटकावर भला मोठा फ्लेक्स चढवला. एका बाजूला आपला तिरंगा, दुसऱ्या बाजूला त्यांचा झेंडा, कोपऱ्यात स्वतःचा हात जोडलेला फोटो, आणि मधे ठळक अक्षरांत, 'पूरग्रस्तांना बहुमोल मदत दिल्याबद्दल भारत सरकार व समस्त वाघोलीकरांतर्फे हार्दिक आभार'. दुपारपर्यंत तो सगळ्या पुण्याच्या मोबाइलवर फिरला. संध्याकाळी साहेबांचा फोन.

"अभिनंदन. आम्ही मदत घेतली म्हणे. आभारसुद्धा मानले म्हणे. आम्हालाच तेवढं कळायचं राहिलं."

"साहेब, त्या माणसाच्या मनात काही—"

"वरून विचारणा आली आहे, कोणी घेतली म्हणून. आता मी काही बोलू शकत नाही. आपणही बोलू नये."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मालकांना फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे म्हणाले, "ताई, आपल्यात आभार मानायची पद्धत आहे ना?" कपाळ माझं! घरी आले तर मामाचा फोन. आवाज खोल गेलेला. मास्तरीणबाई आता बोलत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं आणि ठेवला.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. गल्लीच्या टोकाला आमचं विहार आहे, आणि विहाराची मोठी पातेली, पराती, झारे आमच्याच घरी ठेवलेले असतात, आईच्या वेळेपासून. कुणाकडे लग्न असो, बारसं असो की मयत, भांडी तिकडे जातात. त्या संध्याकाळी मी डोकं धरून बसलेले असताना खालच्या मजल्यावरची बाई आली. "ताई, मोठं पातेलं नेते हं, उद्या जाऊबाईंकडे कार्यक्रम आहे." मी मानेनंच हो म्हटलं. तिने पातेलं उचललं आणि गेली.

ती जिन्याच्या वळणावर पोचली असेल, आणि मी ताडकन उठले. अरेच्चा! तिने हात कुठे पसरला? मी दान कुठे केलं? पातेलं विहाराचंच राहिलं, दोन दिवस जाऊबाईंकडे शिजेल आणि घासून परत येईल. शेजाऱ्याकडून भांडं नेताना कुणाचा मान जात नाही की कुणाचा मोठेपणा वाढत नाही. इतकी वर्षं मी ही भांडी देते-घेते आहे, आणि दोन दिवस त्या दोघांना मागणं आणि देणं एवढंच समजावत बसले होते!

सकाळी उठून आधी परदेशी बाईला गाठलं. यंत्र तुमचंच राहू दे, म्हटलं. आमची संस्था प्रशिक्षणातली भागीदार आहे, आम्हाला वापरायला दे. आम्ही ते दवाखान्याला वापरायला देऊ आणि काम झालं की परत आणू. भागीदाराला उसनं द्यायला तुला सरकारची विनंती लागते का? तिने नियम दोनदा वाचले. लागत नव्हती. "पण बिघडलं, कुणाला काही झालं, तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हणाले. आवाज चढलाच होता, तो खाली आणला नाही.

मग साहेब. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "दवाखान्याने पुण्यातल्या संस्थेकडून पंप आणला तर मला कळायचं कारण नाही. परदेशी माणसं पूरभागात जाणार नाहीत. आमचा अभियंता सोबत राहील. आणि कुठेही झेंडा दिसणार नाही."

"साहेब, आपले आभार—"

"आभार नकोत. फ्लेक्स पुरला."

परदेशी बाईने यंत्रावरचे आपल्या संस्थेचे स्टिकर स्वतःच्या नखांनी खरवडून काढले. तोंड पाडून नव्हे, झपाझप. पाऊस लागून होता आणि ताडपत्री कमी पडत होती, तेव्हा मालकांनी मुकाट्याने फाटकावरचा फ्लेक्स उतरवला आणि छपाई आत, पांढरी बाजू वर करून यंत्रावर घट्ट बांधला. प्रशिक्षण घेतलेली आमची माणसं, अभियंता आणि मी रात्रीच निघालो. रस्ता जागोजागी खचलेला. एका ठिकाणी पोलीस परत फिरा म्हणाले. मी गाडीतून उतरून रस्त्यात उभी राहिले आणि म्हटलं, फिरत नाही. अभियंत्याने साहेबांना फोन लावून दिला, आणि वाट मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र सुरू झालं. गढूळ पाणी आत जाताना आणि निवळशंख पाणी बाहेर येताना बघून मी भर अंगणात रडले. मामाचं डायलिसिस त्याच संध्याकाळी झालं. शेजारची खाट रिकामी होती. मास्तरीणबाई त्याच पहाटे गेल्या, आम्ही वाटेत असताना.

पावसाळा सरला आणि यंत्र वाघोलीला परत आलं. परदेशी बाई तपासणी करत होती. हत्यारांची पेटी उघडून तिने मला हाक मारली. आत कापडात बांधलेली गुळाची ढेप होती. "कुणीतरी चुकून विसरलं," ती म्हणाली.

विसरलेलं नव्हतं. भांडं परत करताना कुणी रिकामं करत नाही. विहाराच्या पातेल्यातही कधी मूठभर तांदूळ येतात, कधी साखर. मी मामाला फोन लावला, कुणी ठेवली म्हणून.

"मास्तरीणबाईच्या घरधन्यांनी," मामा म्हणाला. "घरचा गूळ हाय त्यांचा."

मी तिला सांगितलं, ढेप का ठेवतात ते आणि कुणी ठेवली तेही. तिने ढेप पुन्हा कापडात बांधली. मग म्हणाली, "पण त्यांच्या बायकोपर्यंत तर हे पोचलंच नव्हतं."

"नव्हतं पोचलं."

ती तिथेच एका खोक्यावर बसली. मला आता काहीतरी सांत्वनाचं बोलावं लागणार असं वाटत होतं, पण तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पुढचा पाऊस कधी सुरू होतो?"

आम्ही पुन्हा पाऊस यायची वाट बघितली नाही. ऐन उन्हाळ्यात, नद्या कोरड्या असताना, उसनवारीचं सगळं ठरवून टाकलं. पावसाळ्यापुरतं यंत्र दवाखान्यातच राहणार, चालवणारी माणसं गावातलीच. साहेबांनी या वेळी लगेच सही केली, आणि पूर नसल्यामुळे परदेशी बाईलाही सोबत येता आलं.

मे महिन्याच्या उन्हात आम्ही ट्रक दवाखान्याच्या आवारात लावला. मास्तरीणबाईंचे यजमान झाडाखाली उभे होते. मामाने त्यांना बोलावलं होतं की ते आपणहून आले होते, कोण जाणे. यंत्र खाली उतरेपर्यंत ते बघत राहिले. मग माझ्याजवळ आले.

"औंदा लवकर आणलंसा," ते म्हणाले.