घरचा चेहरा शोधत वडशाला

या प्रवासाला सहल म्हणायला जीभ वळत नाही. तरी रस्ता, गाड्या, खाणं सगळं सांगते, कारण त्या बाजूला जायचं म्हटलं की लोक वाघाशिवाय दुसरं काही विचारत नाहीत.

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत संगणकावर चेहरे हलवते. जाहिरातींतल्या खारी आणि मुंग्या हलवून पोट भरते. गेलं वर्षभर त्यांच्या जोडीला एक खरा माणूस माझ्या पडद्यावर होता. नामदेवभाऊ, वडशाजवळच्या एका गावातले, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले जुने नट. त्यांना मज्जातंतूंचा आजार आहे. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात, डोकं मात्र लख्ख राहतं. वाचा जाण्याआधी नागपूरच्या एका दवाखान्यात त्यांच्या गालांवर आणि गळ्यावर कातडीसारख्या ताणल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या चिकटवून त्यांचं बोलणं नोंदवलं होतं. त्या नोंदींवरून मी त्यांचा चेहरा घडवला. आता वाचा पूर्ण गेली होती. गालात जी थरथर उरली होती, ती पट्टीनं ओळखायची आणि टॅबवरच्या चेहऱ्यानं त्यांच्या आवाजात बोलायचं, असं हे संशोधन. अजून चाचणीच चालू आहे. टॅब द्यायला कुणी जायचं असा विषय निघाला तेव्हा मी लगेच हात वर केला. ज्या माणसाच्या ओठांची एकेक रेघ मी ओढली होती, त्याला मी कधी भेटलेच नव्हते.

नागपूरहून ब्रह्मपुरी थेट जवळ पडते, तुम्ही तसंच जा. मी वाकडी वाट धरून आधी बल्लारपूरला उतरले, कारण पट्ट्या बनवणारा इरफान तिथला. त्याचं संशोधन म्हणजे मऊ रबरात चांदीचे तंतू बसवणं. घामानं पट्टी सुटते हे त्याचं जुनं दुखणं. बल्लारपुरात उन्हाळा काढलेल्या माणसालाच घामावर एवढा विचार सुचत असावा. कागद कारखान्याचा वास स्टेशनापासून घरापर्यंत सोबत होता. त्याच्या अम्मीनं पोटभर खिचडी-खिमा वाढला आणि विचारलं, "वो आदमी अच्छा हो जाएगा ना बेटी?" मी इरफानकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी इरफानला घेऊन चंद्रपूरहून एसटीनं मूल, सिंदेवाही, नागभीड करत ब्रह्मपुरी. खिडकीची जागा मिळाली तर डावी-उजवी बघत बसू नका, दोन्हीकडे तेच सागवान आहे. भात कापून झाला होता. बांध्यांत नुसते खुंट, वर करडं आभाळ, रस्त्याकडेला कोळशाची धूळ बसलेली पानं. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर लाखोरीच्या डाळीचे वडे मिळतात, गरम असतील तरच घ्या. मला गार मिळाले. तिथून काळीपिवळी जीपनं वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा लागतो. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टॅबची पेटी माझ्या मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय विकून राह्यली?" मी म्हटलं, काही नाही. "मंग एवढी धरून काऊन बसली?" मी पेटीवरची पकड जरा सैल केली.

वडशाच्या रस्त्यावर नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. प्रत्येकाच्या दारावर फ्लेक्स, त्यावर डोळे वटारलेले नट. हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्या फलकांवर नामदेवभाऊ आता कुठेच नव्हते आणि मला ते फार लागलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नामदेवभाऊ खाटेवर उशांना टेकून होते. मी घडवलेला चेहरा भरदार होता, समोरचा माणूस अर्धा झाला होता. डोळे तेवढे तेच. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "लय वाट पाह्यली तुमची. आठ महिने झाले, मले कोनी हाक नाई मारली."

इरफाननं पट्टी लावली. भाऊंच्या उजव्या गालात बारीक लहर आली. टॅबवरचा चेहरा जागा झाला, भुवई चढली आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, "देवी, आपण भोजन केलेत?"

शकुंतलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आम्हीही हसलो. पुन्हा लहर आली. "या देहास तृष्णा लागली आहे." त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं. मग त्या हसायच्या थांबल्या. माझ्याकडे वळून विचारलं, "हे तं नाटकातले आहेत. घरचे कुठी आहेत?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, माईकसमोर तुमचे नेहमीचे संवाद म्हणा. डॉक्टरांच्या मनात रोजचं बोलणं होतं. पण जन्म नाटकात घालवलेल्या माणसाचे नेहमीचे संवाद कोणते? भाऊंनी राजे म्हटले, सेनापती म्हटले, फसवलेला बाप म्हटला. "माईक दिसला का ते असेच बोलत. मी बाहेर बाकावर होती, मले का मालूम का हेच आयुष्यभर पुरवाचं आहे." संगणकानं जे ऐकलं तेच तो शिकला. वर्षभर मी त्या भुवईचं कौतुक करत होते.

घरच्या आवाजाचं काहीच नव्हतं. साधा बटणांचा फोन, कुणी नोंदवून ठेवायचं? नवी नोंद करावी तर पट्टीवर एवढीशी लहर, तीही थकत चाललेली. भाऊ सगळं ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पट्टीखाली गेलं आणि टॅबवरचा राजा काहीतरी अर्धवट पुटपुटला. मी टॅब पालथा घातला.

मग मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचायला नको होती असं आता वाटतं. भाऊ घरी कसे बोलत ते बाईंनाच ठाऊक होतं. मी म्हटलं, पट्टी तुमच्या गालांना लावू, तुम्ही त्यांच्यासारखं बोला, चेहरा त्यांचा हलेल. त्या लाजल्या, नको म्हणाल्या, शेवटी बसल्या. भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "अवो, जेवली काय? जेवून घे ना. माही वाट नोको पाहू." पडद्यावर नामदेवभाऊ पहिल्यांदाच साध्या भुवयांनी बोलले. तोंड किंचित वाकडं करून, आळसावून, दाराशी चपला काढताना माणूस बोलतो तसं. खाटेवरचे भाऊ टक लावून पाहत होते. इरफाननं मान फिरवली.

बाईंनी स्वतःच्या हातानं पट्टी सोलून काढली. "बस झालं. हे पुसून टाका."

"काकू, हे तर हुबेहूब झालंय," इरफान म्हणाला.

"झालं ना. पन त्याईच्याबी वाटचं मीच बोलीन, तं मले उत्तर कोन देईन?"

आम्ही त्यांच्यासमोर ती नोंद पुसली. राजाचा टॅब ठेवला, कसा चार्ज करायचा ते दाखवलं आणि जीपची वेळ होते म्हणून निघालो. 

घरी येऊन महिना उलटला. खारी-मुंग्या चालू आहेत. लोक विचारतात, कसं आहे तिकडे, जावं का? जा. थंडीत जा, रस्ते बरे आहेत, माणसं घरात घेतात. बाकी मला काय सांगायचंय ते मलाच धड सांगता येत नाही. मी आपलं काम करून ठेवलं होतं. ती चढलेली भुवई खाली आणली, आवाजाचा घुमारा कमी केला, भाषा थोडी सैल केली. घरचे नाहीत, पण निदान राजे तरी नाहीत, असे भाऊ तयार करून मी शकुंतलाबाईंना फोन लावला. विचारलं, नवा चेहरा पाठवू का?

त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांपासून लहर फार उशिरा येते. कधी सकाळी विचारलं तर दुपारी. "तवरिक मी बसून राह्यते. मंग ते म्हणतात, देवी. मी म्हणते, जी महाराज. येते आता मले बी."

"मग भुवई तरी साधी करू?"

"राहू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "आता तेवढेच आहेत ते."