दुर्पताबाईचा नैवेद्य

भिलाईत पावर हाउस भागातल्या बाजारात कुणी दुर्पताबाईला विचारलं, "बाई, कुठं कामाला?" की ती लगेच उत्तर देत नसे. आधी पदर सारखा करायची, मग कारखान्याच्या दिशेला हात करून म्हणायची, "थे दिसून राहिली ना, थे माही चूल हाय." थे म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी. त्या वेळी ती पुरती उभीही नव्हती. नुसता लोखंडाचा सांगाडा आणि भोवती क्रेन. पण दुर्पताबाईचा तोरा असा, की जणू ही भट्टी तिला माहेराहून आंदण मिळाली होती.

ती भंडाऱ्याकडची. नवरा खलाशी, म्हणजे वजनं उचलणाऱ्या टोळीत, आणि ही रेजा. डोक्यावर घमेलं घेऊन काँक्रीट वाहायची. कामगारांच्या कॅम्पात आमच्या झोपड्या भिंतीला भिंत लागून होत्या. मी नागपूरहून नवी नवरी म्हणून आलेली, नवरा टाइम ऑफिसात कारकून. लाल धूळ, नळावरची भांडणं आणि दहा मुलखांच्या भाषा ऐकून मी पहिला महिनाभर रडत होते. दुर्पताबाई माझं रडणं भिंतीपलीकडून ऐकायची आणि ओरडायची, "अवं नागपूरवाली, रडून राहिली त रड, पन चुलीवरचं दूध पाय!" दूध खरंच उतू जात असायचं. तिला वासावरून कळायचं.

आता तिच्या नवसाबद्दल सांगते, कारण दुर्पताबाई म्हटलं की मला तोच आठवतो. तिच्या गावाकडची रीत अशी, की घरात नवी चूल घातली की तिच्यावर शिजलेला पहिला घास देवाला जायचा. जिनं चूल घातली तिनं तोवर आपल्या आवडीचं काही तरी सोडायचं. भट्टीच्या पायाचं पहिलं घमेलं टाकलं त्या दिवशी हिनं हात जोडले आणि बोलून बसली, "रामा, ह्या चुलीचा पयला घास तुह्या रामटेकाले आनीन. तवरोक मी भात खानार नाय." गावाकडे चूल वाळायला आठ दिवस लागतात. ही फार मोठी चूल, तर हिनं हिशेब केला, दिवाळीपर्यंत पेटेल.

माझ्या नवऱ्यानं भट्टीला किती काळ लागतो ते सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी हसून हसून लोळले. भंडाऱ्याची बाई, धानाच्या मुलखात राहणार आणि भात सोडणार! दुपारच्या सुट्टीत साऱ्या रेजा बासी खायच्या, रात्रीचा भात पाण्यात भिजवून कांद्यासोबत. तिच्या टोळीतली बुधियारिन छत्तीसगढीत लाडानं म्हणायची, "ले ना ओ दीदी, थोरकिन खा ले." दुर्पताबाई कोरडी भाकर मोडत पाठ फिरवून बसायची. तिचा नवरा बिचारा भात जेवायचा तो झोपडीच्या मागे जाऊन, चोरासारखा. लोकांनी पळवाटा सुचवल्या. कुणी म्हणालं, एखाद्या बामणाला दान देऊन मोकळी हो. तिचं उत्तर ठरलेलं, "बोलली त बोलली. देव काय बहिरा हाय?"

एका पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. डॉक्टर म्हणाले, पेज द्या, मऊ भात द्या. ती ग्लानीतही मान हलवत होती. "डाक्टरसायेब, सुया दोन जास्त टोचा, पन भात नोको." तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी ज्वारीची आंबील करून तिला चमच्यानं पाजली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही बाई या नवसापायी जाईल. ती बरी झाली, पण हाडांवर नुसती कातडी उरली होती. तशीच पुन्हा घमेलं उचलायला गेली.

दोन दिवाळ्या उलटल्या आणि भट्टीतून पहिलं लोखंड वाहिलं. अख्खा कॅम्प तो उजेड बघत उभा होता. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, कोण कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, कुणी पाहत नव्हतं. दुर्पताबाई तेवढी शांत. "शिजलं," एवढंच म्हणाली. तिच्या फोरमनला, एका धिप्पाड सरदारजीला, तिचा नवस ठाऊक होता. बाजूला उडून निवलेला एक लिंबाएवढा गोळा त्यानं साहेबाला विचारून तिच्या हातावर ठेवला आणि तो बाहेर नेऊ द्या म्हणून गेटवर स्वतः सांगायला आला. "ले बाई, तेरे चूल्हे की पहली रोटी."

मला माहेरी जायचंच होतं, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. नागपूरला गाडी बदलून आम्ही रामटेकला उतरलो आणि गडाच्या पायथ्याशी अंबाळा तळ्यावर आलो. तिन्ही बाजूंनी डोंगर, काठाला घाट आणि जुनी देवळं. दुर्पताबाईनं तळ्यात तीन बुड्या मारल्या, गोळा धुतला, हळदकुंकू लावलं आणि ओलेत्यानंच घाटावरच्या उपाध्यायांपुढे ठेवला. "महाराज, नैवेद्य हाय. संकल्प सोडा."

म्हाताऱ्या उपाध्यायांनी गोळा बोटानं हलवून पाहिला. "अगं, हे लोखंड! लोखंड शनीचं. रामाला नैवेद्य म्हणून चालत नाही."

 नैवेद्य परत गेला तर नवस तसाच, आणि भातही तसाच बंद. तिच्या खांद्याची हाडं ओल्या लुगड्यातून दिसत होती. पण दुर्पताबाई नैवेद्य परत नेणाऱ्यातली नव्हती.

"वर गडावर रात्री देवाच्या दाराले कुलूप लावता का नाय?"

"लावतात."

"थे कायचं असते? सोन्याचं? रातभर रामाले लोखंड चालते, मंग माह्या हातचं कावून नाय चालत?"

घाटावरचे चारदोन लोक हसले. उपाध्यायही हसले आणि त्यांनी पळी उचलली. "बरं बाई. नाव सांग, गोत्र सांग."

"माह्या एकटीचं नोका घेऊ. मी एकटीनं थोडंच रांधलं?" आणि ती बोटांच्या पेरांवर नावं घ्यायला लागली. आधी तिचा नवरा. मग बुधियारिन. मग आंध्राकडचा अप्पण्णा, रहीम वेल्डर, सरदारजी. उपाध्याय प्रत्येकाला गोत्र विचारायचे आणि ही सांगायची, "मले का मालूम?" शेवटी आला भट्टी बांधायला आलेला रशियन इंजिनियर. "इवान सायेब. उन्हात त्याचं नाक सोलून निंगे, पन हटे नाय."

उपाध्यायांनी पळी खाली ठेवली. "आता याचं गोत्र कुठून आणू?"

"तुमच्या पोथीत असन ना काई!"

म्हाताऱ्यानं पळी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप. असं आहे शास्त्रात."

"मंग लावा सगळ्याले काश्यप!" दुर्पताबाई म्हणाली. तिच्या आवाजात असा थाट होता, की अख्खी भिलाई तिनं एका घरात आणून बसवली.

"आणि तुझं नाव?"

"माहं? थे त मी मनात सगळ्यात पयले घेतलं. नवस माहा हाय ना!" मग माझ्याकडे वळून तिनं माझंही नाव घातलं, "आन हे. इमल."

मी गडबडले. "अहो, मी कुठं एक घमेलं उचललं?"

"माह्या तापात आंबील कोनं रांधली? चूप बस."

"आपलं गोत्र?" उपाध्यायांनी मला विचारलं. आमच्या घराण्याचं गोत्र मला लग्नात घोकून घोकून पाठ करून दिलं होतं. ते जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "काश्यपच लावा, महाराज."

संकल्पाचं पाणी सुटलं आणि तो गोळा अंबाळ्यात गेला. वर गडावर जाऊन ती रामापुढे उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गरम होतं तवा आनता नाय आलं देवा, गोड मान."

ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण अभिमान म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मला त्या दुपारची दुर्पताबाई दिसते. घाटावर तीन दगड मांडून तिनं भात शिजवला, आधी मला वाढला आणि मग आपण घेतला. पहिला घास तिनं कितीतरी वेळ चावला. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही तसदी घेतली नाही. घास गिळून म्हणाली, "आता त्या भट्टीचं लोखंड कोनाच्याबी घरी जाऊ दे, नागपूरवाली. देवाले दावलं हाय. अंगाले लागन त्याच्या."