सव्वासातची खुर्ची

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझ्या बरोबर खाली एक निवृत्त गृहस्थ राहतात. माझा चेहरा त्यांना क्वचितच दिसतो, पण माझा सगळा दिवस त्यांना आवाजावरून पाठ आहे. जिन्यात भेटले की नमस्काराआधी अहवाल येतो. "काल दोनच शिट्ट्यांवर कुकर बंद केलात. डाळ कच्ची राहिली असेल." राहिली होती. आवाज कधी चढवत नाहीत. अपमानसुद्धा अहो-जाहो करूनच करतात.

सगळ्यात जास्त राग माझ्या जेवणाच्या खुर्चीवर. ती सरकली की खालून छताला झाडूच्या दांड्याचे दोन ठोके ठरलेले. "खुर्ची उचलता येईल एवढं तरी आपण जेवत असाल," असं ते एकदा म्हणाले. तेव्हा मी निमूटपणे चारही पायांना रबरी बुचं बसवली.

त्याच सुमारास मला ताप आला. स्वयंपाक बंद, जेवण डब्याचं. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात हे, धापा टाकत, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"आपली खुर्ची सव्वासातला सरकते. दोन दिवस सरकली नाही. कुकरही नाही. एकटे राहता, म्हणून आलो."

"खुर्चीला रबर लावलंय," मी म्हणालो.

"मग सांगायची पद्धत असते," म्हणाले आणि खाली उतरले.

मी एका पायाचं बूच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सव्वासातला खुर्ची ओढली आणि थांबलो. खालून दोन ठोके आले, नेहमीइतकेच रागीट. मग निवांत चहा प्यायलो.