लांब उभे असलेले साहेब

"उजेड कुठून येतोय, ते आधी सांग." एक डोळा मिटून काका हे विचारायचे आणि मगच माउसला हात लावायचे.

कॉलेज करता करता मी घाटकोपरला फ्लेक्सच्या दुकानात काम करायचे. काका शेजारच्या मशीनवर. उमेदीची वर्षं ब्रशने पाट्या रंगवण्यात गेली, पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकले. चौकातले बॅनर तुम्हीही बघता. कापून चिकटवलेली मुंडकी, हवेत तरंगणारी. काका माणूस पायांसकट घ्यायचे आणि खाली सावली टाकायचे.

"सावली नाही तो उभा नाही गं, टांगलाय."

जवळचं मोठं, गडद. लांबचं लहान, फिकट. एवढंच त्यांचं शास्त्र, पण त्यात कुणाची भीड नाही.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात पहिली. डोंगरावरच्या आमच्या वस्तीतल्या पोरांनी अभिनंदनाचा बॅनर सांगितला. काकांनी त्यात मला पुढे उभं केलं, खांद्यामागे आई, तिच्यामागे फिकट होत गेलेली वस्तीची घरं. आता बॅनर म्हटला की आमच्याकडे वॉर्डातले साहेब हवेतच. ते घरांच्याही मागे, अंगठ्याएवढे.

साहेबांचा माणूस बघायला आला.

"काय काका, साहेब एवढुसे?"

"लांब उभेत ना."

"मग जवळ आणा की!"

"मी आणू? वस्तीत महिनाभर नळ कोरडे होते, तेव्हा तुम्हाला तरी आणता आलं का?"

दुकानाचा शेठ घाबरला. "काका, फोटो मोठा करा ना यार. कशाला डोक्याला ताप?"

"माझ्या हातून नाही होणार." काकांनी चष्मा खिशात घातला आणि पायरी उतरले. "मग उद्या येऊच नका!" शेठ मागून ओरडला आणि माझ्याकडे वळला. "तू कर गं."

अर्ध्या मिनिटाचं काम. साहेबांना धरायचं, ओढायचं. मी फाइल होती तशी छपाईला सोडली. माझीही नोकरी गेली. आज विचाराल तरी तेच करीन.

पोरांनी बॅनर नाक्यावर लावला. तीन दिवस टिकला, मग कुणीतरी फाडला. काका बघायला आले नाहीत. मानखुर्दची खोली सोडून लेकीकडे गावाला गेले, तिकडेच वारले असं नंतर कळलं. त्यांना सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगते.

पहिल्या सकाळी आई बॅनरखाली उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिने मला ओळखलं, स्वतःला ओळखलं, आमचं घरसुद्धा शोधून काढलं. मग बोट वर करून म्हणाली,

"आणि तो पार मागचा, बारका, तो कोण गं?"