गाडी फाटकात येईपर्यंत

नवस बोलताना शब्द जपून वापरावेत, हे मला आमच्या गाडीनं शिकवलं.

नव्या गाडीचे फोटो साठतात, जुन्या गाडीचे किस्से. आमच्याकडे तर ते इतके साठलेत की हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "काकू, तो हॉर्नचा सांगा ना!" मग मी सांगते, सगळ्या हसतात, मीही हसते. पण आज खरं सांगते. यातला एकही किस्सा घडताना मी हसत नव्हते. हातपाय गार पडलेले असायचे आणि ओठांवर देवीचं नाव!

* * *

गाडी आली त्या दिवसाचं आधी सांगते. आम्ही मूळचे सांगलीकडचे. यांची तारापूरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सची नोकरी, म्हणून बोईसरला आलो आणि इथलेच झालो. कोल्हापूरची महालक्ष्मी लांब पडते म्हणून मी डहाणूच्या महालक्ष्मीला धरलं. दोघी बहिणी, आपसात समजून घेतील!

तर पालघरचे एक गृहस्थ मुलाकडे राहायला चालले होते, त्यांची गाडी यांनी घेतली. पिस्त्या रंगाची, गोल दिव्यांची, वयानं माझ्याहून थोडीशीच लहान. सकाळी अकराला निघताना हे म्हणाले, "अर्ध्या तासात गाडी घेऊन दारात हजर!"

एक वाजला. तीन वाजले. फोन लागेना. सहा वाजता मी देवापुढे बसले आणि म्हणाले, "आई, यांना सुखरूप आण. ही गाडी जेव्हा जेव्हा बाहेर जाईल, तेव्हा तेव्हा ती फाटकात परत येईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

'आज' म्हणायचं होतं हो! घाबरलेल्या तोंडातून 'जेव्हा जेव्हा' निघून गेलं.

दहा मिनिटांत रस्त्यावर गलका झाला. पुढे बर्फाचा टेम्पो, मागे दोराला बांधलेली गाडी, आणि गाडीत हे! नवरदेवासारखे हात हलवत होते. उतरले आणि म्हणाले,

"काय पळते गं! एकदम मस्त! फक्त सुरू होत नाही."

नवस मी कुणाला सांगितला नाही. पण त्या दिवसापासून गाडी निघाली की मी तांब्या भरते, वर फुलपात्र पालथं घालते आणि दाराशी ठेवते. गाडी आली की आधी यांना पाणी, मग मला. यांना वाटायचं, बायको काय काळजी घेते!

* * *

समुद्राजवळ राहायचं म्हणजे लोखंडाचं काही खरं नाही. दोन पावसाळ्यांत माझ्या पायाखालचा पत्रा गंजला आणि ताटलीएवढं भोक पडलं. केळव्याला शीतलादेवीच्या दर्शनाला निघालो होतो. खाली बघते तर रस्ता पळतोय! 

"अहो, खाली रस्ता दिसतोय!"

"मग? पुढेही दिसतोय, खालीही दिसतोय. चांगलंच आहे की!"

मी रडकुंडीला आले तेव्हा यांनी गाडी वळवली आणि घरातला पाट आणून त्या भोकावर ठेवला. आता सांगा, ज्या पाटावर गौरी बसवल्या त्याच्यावर पाय कसा ठेवू? मग मी सीटवरच मांडी घातली, डोळे मिटले आणि जप सुरू केला.

पालघरच्या नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. वाकून आत बघितलं. खाली पाट, वर मांडी घालून बसलेली मी, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलताहेत. लायसन्स-बिसन्स राहिलं बाजूला. हळूच यांना म्हणाला,

"काका, ब्रेक लागतात ना?"

* * *

आता हॉर्नचा. यांनी भंगारातून एक मोठा हॉर्न आणला. "आपली गाडी लहान वाटते, आवाज तरी मोठा पाहिजे," म्हणे! दांडीच्या कोळीवाड्यात हिराबायकडे मासळी घ्यायला गेलो होतो. हिराबाय म्हणजे आमची नेहमीची मासळीवाली. जिभेनं तिखट, मनानं लोणी. तिच्या गल्लीत वळताना यांनी हॉर्न दाबला आणि तो अडकला. आणि साधा वाजला असता तर ठीक! बॅटरी कमीजास्त होईल तसा चढायचा, उतरायचा, परत चढायचा.

तारापूरचं अणुवीज केंद्र जवळ असल्यामुळे आमच्या भागात सायरनचा सराव होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. सायरन झाला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, सूचना येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. सगळ्यांना पाठ झालंय.

क्षणात गल्ली रिकामी! वाळत घातलेले बोंबील तसेच, कोंबड्या तशाच, माणूस एक नाही. धाडधाड खिडक्या लागल्या. ते बघून मला वाटलं, हॉर्नच्या जोडीला खरा सायरनही झालाय! मी पदर नाकाला लावला आणि यांचा दंड धरला. "अहो, घरात चला कुणाच्याही! गाडी राहू दे!"

हे बॉनेटमध्ये डोकं घालून वायर ओढत होते. शेवटी तुटली. सगळं शांत. मग समोरची एक खिडकी बोटभर उघडली. आतून हिराबाय ओरडली,

"अगो बाय, तुमी बाहेर काय करता? मरायचा हाय काय? आमी पोरां आत घेतली, खिडक्या लावल्या, नि तुमी गाडी दुरुस्त करता!"

हे म्हणाले, "हिराबाय, तो आमचा हॉर्न होता."

खिडकी पूर्ण उघडली. तिनं गाडीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं.

"मंग सराव झाला ना? या आता. कोलंबी ताजी हाय."

* * *

देवीला गेले की मी लाल धागा आणते. एकदा यांचं लक्ष नसताना बॉनेटखाली जागा मिळेल तिथे बांधून टाकला. सात वेढे, सात गाठी. इंजिनातलं मला काय कळतंय?

महिन्याभरानं गाडीतून खडखड यायला लागली. बोईसरला आमचे ठरलेले मेकॅनिक आहेत, शकीलभाई. त्यांनी बॉनेट उघडलं आणि ओरडले, "ये किसने बांधा?"

 वाटलं, माझ्या धाग्यानं काहीतरी जळलं. आज रस्त्यात यांना काही झालं असतं तर? मी पुटपुटले, "मैंने. देवी का है."

 शकीलभाईंनी यांना जवळ बोलावून दाखवलं. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी गंजून कधीच तुटली होती. बॅटरी उभी होती ती माझ्या सात वेढ्यांवर!

"भाभीजी," ते म्हणाले, "दो-चार और ला दो. दूसरी गाड़ियों में भी पट्टी का यही हाल है."

त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. शकीलभाईंनी थंड पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हणाले. गाडी अजून फाटकात कुठे होती? यांनी माझ्याकडे बघितलं.

"उपास आहे का आज?"

"हो."

"आज बुधवार. कसला उपास?"

"असाच."

घरी आल्यावर मी दाराशी फुलपात्र रिकामं केलं, तेव्हा हे बघत उभे होते. मी ते विसरून गेले.

* * *

पुढचा किस्सा हळदीकुंकवात सांगत नाही.

हे रिटायर झाले आणि त्याच वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. एका सकाळी, "सातपाटीहून पापलेट घेऊन येतो," म्हणून गाडी काढली. मोबाइल टेबलावरच राहिला. जेवणाची वेळ गेली. चारही वाजले. मी तांब्यासमोर बसून होते. मुलीचा पुण्याहून फोन आला, "आई, ती गाडी विकून टाका गं. बाबांचं वय काय, गाडीचं वय काय!" मी "हो" म्हणाले.  घसा कोरडा होता, तो पाण्यावाचून की भीतीनं, कुणास ठाऊक.

साडेपाचला ओळखीचं इंजिन वाजलं. इतक्या वर्षांत मला ते पावलासारखं ओळखता यायला लागलं होतं. मी पळत फाटकात गेले.

"गाडी बंद पडली होती का?"

"नाही गं. मीच बंद केली होती. किनाऱ्यावर लावली, दोन्ही दारं उघडली आणि बसलो. बोटी परत येत होत्या."

पापलेट नव्हतं. हातात पालघरच्या डॉक्टरांची फाइल होती. मला न सांगता तपासण्या करून आले होते. हृदयाला जाणारी एक नळी बंद पडत आली होती.

सगळं नीट पार पडलं, देवीची कृपा! नळीत स्प्रिंगसारखं काहीतरी बसवलं. "आता मीही रिकंडिशन्ड," हे दवाखान्यात नर्सला म्हणाले. पण डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि दुपारची गोळी चुकवायची नाही. गोळी चुकली तर नळीत रक्ताची गाठ धरू शकते. ते वाक्य माझ्या कानात बसलं ते बसलंच.

गाडी विकत घ्यायला एक माणूस बघून गेला.  हे नुसते सकाळी उठून गाडीत जाऊन बसायचे, काच पुसायचे, चोक ओढून परत आत ढकलायचे. चौथ्या दिवशी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

"तू शिक."

* * *

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! मी स्टिअरिंगमागे. हे शेजारी, माझ्या जागेवर, पायाखाली पाट. यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, तेवढं मी बघितलं.

"क्लच हळू सोड. तव्यावर भाकरी सोडतेस ना, तशी."

गाडीनं तीन उड्या मारल्या आणि बंद पडली.

"भाकरी अशी टाकतेस तू?"

गिअर बदलताना माझे डोळे आपोआप मिटायचे, कारण तोंडानं देवीचं नाव यायचं आणि नाव घेताना डोळे मिटायची चाळीस वर्षांची सवय. हे ओरडायचे, "अगं, तिला उघड्या डोळ्यांनी बोलाव! तीही रस्ता बघत असेल!"

पण एक दिवस, चिंचणीच्या रस्त्याला, दाराची ती छोटी तिकोनी काच मी जराशी फिरवली आणि समुद्राचा वारा नेमका माझ्या गळ्यावर आला. इंजिन एका सुरात होतं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं. मला कळलं, हा माणूस इतकी वर्षं पापलेटचं निमित्त करून कशासाठी जात होता.  

लायसन्स मिळालं. परीक्षा घेणारे साहेब एवढंच म्हणाले, "काकू, चांगली चालवता. पण इंडिकेटर दाखवताना नमस्कार कशाला करता?"

* * *

आणि हा शेवटचा.

यांच्या दुपारच्या गोळ्या संपत आल्या होत्या. एकच उरलेली. बोईसरला मिळेनात, पालघरला होत्या. मी म्हणाले, रिक्षानं जाते. हे म्हणाले, "गाडी असताना?"

एकटी, पहिल्यांदाच. घाबरत घाबरत सकाळी दहाला निघाले. त्या गडबडीत तांब्या भरायचा राहिला. वळणावर आठवलं, पण परत फिरायची हिंमत नव्हती. रिव्हर्स अजून कच्चा होता!

जाताना ठीक गेले. दुकानदार येईपर्यंत दोन तास थांबून गोळ्या घेतल्या. येताना मध्येच एका चढाला गाडी बंद पडली. मागे ट्रक, ट्रकच्या मागे बस, सगळे हॉर्न मारताहेत. चार वेळा किल्ली फिरवली. पर्समध्ये फोन वाजतोय, हात स्टिअरिंगवरून सुटेना. एक कातकरी बाई डोक्यावरची मोळी उतरवून आली, अजून दोघींना हाक मारली आणि तिघींनी मला धक्का दिला. "जा गं बाय, जा, थांबू नको आता!" गाडी सुरू झाली. मी थांबलेच नाही. आभारसुद्धा मानले नाहीत, ते अजून मनाला लागतं.

फाटकात पोचले तेव्हा अडीच वाजले होते. हे फाटकाला धरून उभे. चेहरा उतरलेला, ओठ पांढरे. मी इंजिन बंद केलं. 

दारात तांब्या होता. काठोकाठ भरलेला. इतका की पायरीवर सांडून ओघळ फाटकापर्यंत आला होता. फुलपात्र वर पालथं. आत टेबलावर ताट झाकलेलं, आणि शेजारी पाकिटात ती एकच गोळी, तशीच.

 मी ओरडलेच, "अहो! एक वाजताची गोळी! अजून घेतली नाहीत?"

यांनी फुलपात्र सुलटं केलं, पाणी ओतलं आणि आधी माझ्यापुढे धरलं.

"पाण्याशिवाय गोळी गिळता येते का?"

* * *

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल, तर माझं एक ऐका. एकदा तरी किल्ली मागून घ्या, देवीचं नाव घ्या, उघड्या डोळ्यांनी, आणि एकट्या जाऊन या. निघताना तांब्या मात्र भरू नका. परतल्यावर बघा.